टेकडीवरची ताई

नवं ग्राफिक्स कार्ड बसवून दुकानदाराने गेम चालू केला, तसं निरंजनच्या पडद्यावरचं धुकं विरलं.

दोघं एकत्र हा गेम खेळताना ताई तिच्या कॉम्प्युटरवरून ओरडायची, "टेकडीवर बघ की रे, मी माझा पुतळा उभारलाय!" त्याच्या जुन्या कार्डाला लांबचं दिसायचंच नाही. "थापा मारतेस," म्हणून तो हसायचा.

आता टेकडी लख्ख दिसली. त्याच्या गेममधल्या झोपडीकडेच तोंड करून पुतळा उभा होता. हातातलं लाल फडकं हलायचं, थबकायचं, पुन्हा हलायचं.

"प्रोसेसर जुना आहे ना, म्हणून अडकतंय," दुकानदार म्हणाला. "बदलून टाकू?"

"राहू दे."

शेवटी शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवरून ताई असाच थांबत थांबत हात करायची.

निरंजनने हात वर केला. तेव्हा कुठे फडकं थांबलं.