कॅमेऱ्यापुढचा नमस्कार

दसऱ्याला मायनं माझ्या नव्या डीएसएलआरची पूजा केली आणि दुसऱ्या दिवसापासून मी गुडीहत्नूरचा फोटोग्राफर झालो. सोबतची पुस्तिका पाठ केली, तरी प्रत्येक फोटोत मधोमध धुरकट लाल डाग यायचा. मी रंगांची सेटिंग बदलली, उन्हाची वेळ बदलली, शेवटी बायकोला लाल साडी नेसू नकोस असंही सांगून पाहिलं.

एक समाधान मात्र होतं. ज्याच्यासमोर कॅमेरा धरावा, तो आपसूक हात जोडायचा. पंधरा वर्षं शाळेत शिकवून एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

आज शेजारच्या मारोतरावांचा पेन्शनच्या अर्जासाठी फोटो काढायचा होता. कॅमेरा वर करताच त्यांनीही हात जोडले. मला भरून आलं.

"काका, हा अर्जाचा फोटो आहे, हात खाली घ्या. मले काऊन एवढा मान देता?"



"तुमाले कोण हात जोडून राह्यलं, मास्तर? तुमच्या मायनं त्या काचेवर कुंकू लावलं हाय, आमी त्याले जोडून राह्यलो."