थंड लॅपटॉप

लॅपटॉपचा पडदा पुन्हा अडखळला. समोरचा खेळाडू भिंतीआडून बाहेर आला, तिने नेम धरला, बटण दाबलं आणि चित्र जागच्या जागी गोठलं. ते परत हललं तेव्हा खेळात ती मेलेली होती. हेडफोनमधून संघाच्या कप्तानाचा आवाज आला, "वीज, अगं आहेस कुठे?"

वीज हे तिचं खेळातलं नाव. घरी बाबा तिला चिऊ म्हणत. निवडीचा हा तिसरा सामना, आणि शेवटचा. जमलं तर दूरच्या शहरात संघाबरोबर राहायचं, पगार घेऊन खेळायचं. नाही जमलं तर खेळ खलास. आणि आता काही जमत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आधीचे दोन्ही सामने असेच नासले होते. सरावात लॅपटॉप कधी कुरकुरायचा नाही. नेमकं सामन्याच्या दिवशीच त्याचं अवसान गळायचं. पहिल्या वेळी कप्तानाने समजून घेतलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "लॅपटॉप सरावात पळतो आणि सामन्यातच लंगडतो होय? सरळ सांग ना, हात थरथरतात म्हणून." त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही. तिला वाटू लागलं, खरंच थरथरत असतील.

बिचाऱ्या बाबांनी काय कमी केलं होतं? त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच. आई गेल्यापासून घरात दोघंच. सामन्याच्या दिवशी सकाळी ते तिचा लॅपटॉप खाली नेत, उघडत, ब्रशने पंखा झाडत, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावत. ही पेस्ट प्रोसेसरची उष्णता ओढून पंख्याकडे पोचवते. ती वाळली की आत भट्टी पेटते. सामना हरून ती तोंड पाडून बसली की बाबा म्हणत, "तापला असणार गं, बघतो." पुन्हा खाली नेत, आणि संध्याकाळी लॅपटॉप घोड्यासारखा पळायला लागे. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं ती मैत्रिणींना सांगत असे.

प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला आपणहून मंदावतो, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. तसं झालं की बटणांच्या वरच्या पट्टीवर हात ठेववत नाही, हेही त्यांनीच.

पुढची फेरी सुरू व्हायची होती. तिने सहज त्या पट्टीवर तळवा टेकवला. पट्टी गार होती.

ती चमकली. तिने तापमानाचा आकडा उघडून पाहिला. निवांत बसून सिनेमा बघताना असतो, तेवढाच. मग हा मंदावला कशाने? सामना गेला खड्ड्यात, म्हणत तिने सेटिंग उघडलं. प्रोसेसरच्या वेगाची मर्यादा निम्म्याहून खाली ओढून ठेवलेली होती. ती आपोआप खाली येत नाही. लॅपटॉप चांगला धडधाकट होता. कुणीतरी शांतपणे त्याचं नरडं आवळलं होतं.

पासवर्ड दोनच माणसांना ठाऊक होता. एक ती. दुसऱ्याने आज सकाळी लॅपटॉप तिच्या हातात देताना पाठीवर थाप मारली होती, "जा, फोडून काढ सगळ्यांना!"

"वीज, राहू दे आता," कप्तान म्हणाला. "आम्ही दुसऱ्या मुलीला घेतोय." तिने हेडफोन काढून ठेवला. सांगणार काय, आणि कुठल्या तोंडाने?

ती लॅपटॉप घेऊन जिना उतरली. बाबा कुणाचा तरी लॅपटॉप खोलून बसले होते. तिला बघून त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

"तापला ना? ठेव तिथे, बघतो."

"हात लावून बघा."

"त्यात काय बघायचंय?"

"लावा म्हणते ना!"

त्यांनी हात लावला, आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली. "याला काय धाड भरलीय तापायला! माझ्या हातची पेस्ट आहे." बोलून गेले आणि जीभ चावली.

"मग मंदावला कसा?"

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर डब्यात ठेवला. परत काढला. पुन्हा ठेवला. "तू गेलीस की मी संध्याकाळी जिना चढून वर कोणासाठी जायचं गं?" ते खालच्या मानेने म्हणाले.

दोन महिने ती स्वतःच्या हातांना शिव्या देत होती. बाबा ते बघत होते. वर मायेने पाणी आणून देत होते.

"एकदा तरी म्हणायचंत, जाऊ नकोस म्हणून."

"आणि तू ऐकलं असतंस?"

तिची नजर त्या गार पट्टीवर गेली. एक गोष्ट तिला अजून कळत नव्हती.

"मला अडवायचंच होतं, तर पेस्टच वाईट लावायची. खरोखर तापला असता. मला जन्मात कळलं नसतं."

बाबा दचकले. तिने काहीतरी भलतंच सुचवलं, तसे. त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"वाईट काम करायला हात धजला नाही, चिऊ."

"आणि माझं वाटोळं करायला बरा धजला!"