सातव्या सापळ्यातलं शून्य

सातव्या सापळ्याची जाळीची पिशवी रिकामी होती.

म्हाताऱ्याने ती दोनदा झटकली, उजेडाकडे धरून पाहिली. साधं चिलटसुद्धा नाही. जंगलात रात्रभर टांगलेले बाकीचे अकरा सापळे डासांनी भरून आले होते. हा एकच कोरडा, आणि त्याचं घर होतं त्या वसाहतीला सगळ्यांत जवळचा हाच.

दारातल्या पहारेकऱ्याने सवयीने हाक दिली, "काय डासमामा, आज किती पाहुणे?" मग त्याला आठवलं, आणि तो खाली वाकून चपलेचा अंगठा उगाच नीट करत राहिला. सापळे मामांनी काल परस्परच लावले होते; या दारात ते आज पहिल्यांदाच परत आले होते. नातू तापाने गेला त्याला सोळा दिवस झाले होते.

आतल्या खोलीत त्यांची मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकून बसली होती. आठवड्यातून एकदा बाप सापळे लावायचा, लेक त्यातले डास ओळखायची. लेकरू गेल्यावर पाचव्याच दिवशी ती इथं येऊन बसली. "घरात बसवत नाही," एवढंच म्हणाली होती.

"सात नंबर?" तिने मान वर न करता विचारलं.

"रिकामा. दिवाच विझला होता. बॅटरी उतरली."

"मग 'बंद' लिहा हं बाबा. शून्य नका लिहू. दिवाच नाही तर डास येतील कशाला? नाहीतर वर वाचणाऱ्याला वाटायचं, डास नाहीतच."

मामांनी पेन उचललं आणि तसंच धरून राहिले. त्यांनी वहीची पानं मागे उलटली. दीड महिना मागे. सात नंबरच्या रकान्यात एक शून्य होतं, त्यांच्याच वळणदार अक्षरातलं.

"हेही शून्य नाही, पोरी."

तिने डोळे वर केले.

त्या शून्यावरूनच ठरलं होतं, की वसाहतीकडे डास नाहीत. फवारणीची गाडी नदीपलीकडे गेली होती. वर गेलेल्या कागदावर सही तिची होती.

"बॅटरी चार्जिंगला लावायची राहिली त्या दिवशी," मामा म्हणाले. "टिल्लू मांडीवरून उठू देईना. गोष्ट सांगत बसलो. मग घाईघाईत उतरलेलीच नेऊन जोडली. सकाळी 'बंद' लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, का म्हणून. या वयात पोरीची बोलणी नकोत, म्हणून..."

त्यांनी उघडी वही तिच्याकडे सरकवली.

ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. स्क्रू फिरवत राहिली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. खालची बशी रिकामी होती.

मग तिने वही ओढून घेतली. शून्यावर आडवी रेघ मारली, वर 'बंद' लिहिलं. खोडलं की शेजारी सही करायची, हा नियम. तिने सही केली आणि पेन बापापुढे धरलं.

"तुमचीही."

मामांनी सही केली. अक्षराचं वळण कुठल्या कुठे गेलं होतं.

"कोणती गोष्ट?" तिने विचारलं.

"अं?"

"त्या दिवशी. कोणती सांगत होतात?"

"चांदणं गिळणाऱ्या बेडकाची. अर्धीच झाली, तेवढ्यात झोपला. उरलेली उद्या सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी नवीनच मागितली लबाडाने. ती तशीच राहिली."

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. पायाने दुसरं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"मला सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."