सुट्टीचा भोंगा

नगरबाहेरच्या बंद पडलेल्या मोटार कारखान्याच्या जागी बंगले होणार होते. आम्हा जुन्या कामगारांची संमती हवी, म्हणून बिल्डरनं तिथल्याच शेडमध्ये खुर्च्या मांडल्या आणि आमच्या पुढाऱ्याला बोलायला उभं केलं. "मी तुमच्यातलाच! ह्याच शेडमध्ये वीस वर्षं घाम गाळलाय!" पुढारी गहिवरले. "आपला सुट्टीचा भोंगा बिल्डरसाहेबांनी जपलाय. तो ऐका, मग संमतीसाठी हात वर करा. वाजवा रे!" भोंगा घुमला. अख्खी सभा उठली. कुणी पिशवी उचलली, कुणी टोपी झटकली आणि नेहमीसारख्या गप्पा हाणत आम्ही फाटकाबाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर ध्यानात आलं, हात वर करायचे राहिलेच. मागं वळून पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांपुढे पुढारी तसेच उभे. माझ्या लाईनवरचा बन्सी म्हणाला, "भोंगा वाजला तरी ह्यो जागचा हालला न्हाई. मंग ह्यानं घाम कुटं गाळला?"