दोनशे अकरावी गोळी

डॉक्टरांनी गोड बंद केलं तेव्हापासून गणिताच्या निवृत्त बाई नातवंडांसाठी लिमलेटच्या गोळ्या आणायच्या, मोजून दोनशे अकरा. दोनशे दहाला पाचानेही भाग जातो, सातानेही; म्हणजे नातवंडं पाच जमोत नाहीतर सात, सारखी वाटणी करून एक गोळी उरणारच. मग "उगाच भांडणं नकोत" म्हणत ती गोळी बाईच तोंडात टाकायच्या.

त्या दिवशी सातही नातवंडं ओळीने बसली. बाईंनी बरणी उघडली.

"थांबा आई," म्हणत सुनेने वरची एक गोळी उचलली आणि गालात ठेवली. "हं, वाटा आता. प्रत्येकी तीस."

बाई बघतच राहिल्या. "तुला गं कुणी शिकवलं हे?"


"तुम्हीच. सातवी ब, तिसरा बाक."