डागाची चौकशी

जगात कोणताही डाग आपोआप पडत नाही. प्रत्येक डागामागे एक माणूस असतो. हे सत्य साहेबांनी उभ्या हयातीत कुणालाही विसरू दिलं नव्हतं. आत्ता मात्र त्या सत्याचा एक काळा थेंब त्यांच्याच कपाळावर पडला आणि ते गाडीखालून सरपटत बाहेर आले.

थेंब इंजिन ऑइलचा होता. गाडी जुनी, साहेबांच्या संसाराच्याच वयाची. साहेब ऑफिसात इतरांच्या चौकशा करता करता निवृत्त झाले होते आणि घरी चौकशी करण्याजोगा माणूस एकच उरला होता: मेहुणा. त्याने मागे एकदा सामान हलवायला गाडी नेली होती. गाडी परत आली ती गळतच. तेव्हापासून दोघांत अबोला होता. साहेबांची अट साधी होती, की त्याने काय केलं ते सांगावं. मेहुण्याची अडचणही साधी होती. त्याने काहीच केलं नव्हतं.

आता मेहुणा कायमचा मुलीकडे राहायला निघाला होता, पार समुद्रापलीकडे. त्याच्या बहिणीचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, जीव वरखाली होत होता. शेवटी तिने भावाला फोनवर बजावलं, की बाबा, कर एकदाचं कबूल. नाहीतर हे तुझ्या नावाने खडे फोडत बसतील आणि मला तुझा निरोप फाटकातून घ्यावा लागेल. म्हणून रविवारी सकाळी तो गाडीशेजारी येऊन उभा राहिला.

"भावजी, गाडी मीच बिघडवली. चुकलं माझं."

साहेबांनी शांतपणे हात पुसले. ते रविवारच्या गणवेशात, म्हणजे पट्ट्यांच्या पायजम्यात होते. त्याच्या जोडीचा शर्ट केव्हाच गाडीच्या फडक्यांत जमा झाला होता, आणि त्या फडक्यांना साहेब दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पायजमा मात्र कायम नोकरीत असल्यासारखा टिकून होता. त्यांनी विचारलं, नेमकं काय बिघडवलंस? मेहुणा जरा घुटमळला आणि म्हणाला, एकूणच.

"एकूणच असा गुन्हा नसतो," साहेब म्हणाले. "कबुलीला पुराव्याची जोड लागते. धर ही बॅटरी."

स्वयंपाकघराच्या खिडकीत बहिणीने कपाळाला हात लावला.

साहेबांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, हे मान्य करायला हवं. त्यांनी रॉकेलने इंजिन धुतलं, कोरडं केलं आणि बाळाला लावावी तशी त्यावर पावडर शिंपडली. मग इंजिन चालू केलं. पावडर जिथे भिजेल तिथे गळती, असा हिशेब. याच युक्तीने त्यांनी आधी वरच्या झाकणाचं पॅकिंग पकडून बदललं होतं, तर खालचं गळायला लागलं. खालचं बदललं, तर पुढचं सील. एकाला बडतर्फ करावं तर शेजारच्याने हात ओले करावेत, अशी गत.

आज पावडर तीन ठिकाणी एकदम भिजली. साहेब थबकले. तीन साक्षीदार एकाच वेळी रडायला लागले, की त्यांना मागून कुणीतरी दाबतंय असं समजावं, हा त्यांचा जुना अनुभव होता. त्यांनी चालत्या इंजिनवरचं ऑइल भरायचं झाकण उघडलं. फस्सकन वारा आला आणि साहेबांच्या मिशा पावडरने पांढऱ्या झाल्या. इंजिनाच्या पोटात वारा कोंडला होता, आणि तोच ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलत होता.

हा वारा बाहेर पडायला एक नळी असते. पूर्वी या नळीतून धुराचा वास गाडीत यायचा. तो मध्यंतरी आपोआप बंद झाला होता, आणि आपोआप बऱ्या होणाऱ्या गोष्टींची चौकशी साहेब करत नसत.

त्यांनी इंजिन बंद करून नळी काढली. मेहुण्याने बॅटरीचा उजेड धरला. आत काळा बोळा होता.

साहेबांच्या आवाजाला ऑफिसातली धार आली. त्यांनी बायकोला पंच म्हणून बाहेर बोलावलं आणि तिच्यादेखत पक्कडीने बोळा ओढून काढला. हा कुणीतरी हाताने कोंबलाय, ते म्हणाले. हा काही चालत आत गेलेला नाही. मेहुण्याने तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, हो, मीच. कशाचा बोळा आहे, साहेबांनी विचारलं. ते काही त्याला सांगता येईना.

"मग थांब. मुद्देमालाची ओळख पटल्याशिवाय प्रकरण मिटत नाही."

बोळा त्यांनी रॉकेलच्या डब्यात बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. काळेपणा सुटत गेला. मग सुरकुत्या काढून त्यांनी ती चिंधी बॉनेटवर पसरली, आणि तिघेही वाकून पाहू लागले.

बहीण पदर तोंडाला लावून चहा टाकायला आत गेली. मेहुण्याने बॅटरी बंद केली.

"भावजी," तो हलकेच म्हणाला, "माझी कबुली अजून चालेल का?"

साहेबांनी सगळ्या बाजूंनी विचार केला.

"चालेल," ते म्हणाले. "आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

चिंधीवर निळे पट्टे होते. पायजम्यावरही.