पट्ट्यावरचे हात

साहेब, ज्याला ढालसुद्धा नीट धरता येत नाही, त्या पोराला तुम्ही दंगलीच्या तोंडी दिलंत आणि स्वतः जाळीच्या गाडीत जाऊन बसलात!

पोलिसांच्या दंगल पथकात त्याचा तो पहिलाच दिवस. ढालवाल्याने पुढे राहायचं आणि मागच्याने त्याचा कमरेचा पट्टा धरायचा, ही पथकाची रीत. मागे उभ्या उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदारांनी, बजावलं होतं, "पट्ट्यावर हात आहे तोवर तू एकटा नाहीस. वळून बघायचं नाही."

अश्रुधूर सुटला, विटा बरसायला लागल्या. पट्ट्यावरचा हात निसटला. तेवढ्यात दोन हातांनी पट्टा पुन्हा गच्च पकडला.

"सोडू नका हो उस्ताद, घाबरलोय मी."

मागचे हात थरथरत होते. उस्तादांचीही गाळण उडालीय म्हटल्यावर त्याला उलट धीरच आला.

धूर विरला, तेव्हा आजूबाजूला एकही ढाल नव्हती. तो वळला. पट्टा एका म्हातारीने धरला होता. तिच्या पायात एकच चप्पल होती.

"तुझी माणसं मघाशीच गाडीत चढून पळाली," ती म्हणाली. "मी मोर्चातली. पुढून तुमच्या लाठ्या, मागून आमच्याच पोरांच्या विटा. लपायला तुझी पाठ तेवढी सापडली बघ."

कोपऱ्यावर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला; पळालेले परत येत होते.

"आजी, पट्टा सोडू नका."

"नाही सोडत. पण तुझीच माणसं लाठ्या घेऊन माझ्यावर आली, तर ही ढाल माझ्यापुढे धरशील, की बाजूला होशील?"